तुलनेचं गाव

मुरंबीच्या गटारांतून काय वाहतं, हे मुरंबीच्या नगराध्यक्षांपेक्षा सुचेता हालकुडेला जास्त ठाऊक होतं. आणि तेही पुण्यात, औंधच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसून. त्या खोलीच्या दारावर पाटी नव्हती. दार तिच्या एकटीच्या बोटाच्या ठशानं उघडायचं. चहा आणणाऱ्या पारूबाईसुद्धा कप बाहेरच्या स्टुलावर ठेवत, दारावर टकटक करत आणि निघून जात.

२०३६ साली राज्यात आहार परिसर कायदा आला होता. माणसाला ‘हे खा, ते खाऊ नका’ असं सांगून फारसं काही होत नाही. तो जिथं उठतो-बसतो तिथं हाताला सहज काय लागतं, त्यावर त्याचं खाणं ठरतं, असं त्या कायद्याचं म्हणणं होतं. म्हणून शाळेपासून दोनशे मीटरच्या आत तळणीची गाडी नको, एस.टी. स्टँडवर पुढची जागा फळवाल्याला, सुट्या विकल्या जाणाऱ्या फरसाणातही मिठाला मर्यादा, आणि तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवायला बंदी. विरोध जबर झाला. शेवटी विधानसभेत तडजोड निघाली, की कायदा आधी सहाच गावांत लावायचा आणि पाच वर्षं बघायचं. उपयोग सिद्ध झाला तर तो राज्यभर न्यायचा. नाही झाला तर तो आपोआप रद्द.

त्या ‘सिद्ध’ शब्दासाठी आणखी सहा गावं लागली. भुयारी गटारं पुरी झालेली, चाळीस-पन्नास हजार वस्तीची बारा गावं निवडली गेली. सारख्याला सारखं शोधून त्यांच्या सहा जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीसाठी चिठ्ठी काढली. एका गावाला कायदा मिळाला. दुसरं तुलनेसाठी होतं तसंच ठेवलं. चिंचवणच्या नावानं कायद्याची चिठ्ठी निघाली. तिची जोडीदार मुरंबी तुलनेत राहिली.

मुरंबी हे सुचेताचं माहेर. तिनं ते त्याच दिवशी लिहून दिलं; थोरल्या भावाचा तिथं फरसाणाचा कारखाना आहे हेही लिहिलं. प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर घैसास कागद वाचून म्हणाले होते, “चिठ्ठी ती चिठ्ठी. तुम्ही तिथं या विषयावर अक्षर बोलणार नाही एवढं लिहून द्या, म्हणजे झालं.” तेही तिनं लिहून दिलं.

लोक काय खातात ते विचारून कळत नाही. विचारलं की माणूस भाजी सांगतो आणि भजी विसरतो. गटार मात्र काही विसरत नाही. खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीची काहीतरी खूण लघवीतून बाहेर पडते. ज्वारी-गव्हाच्या कोंड्याची वेगळी, लिंबू-संत्र्याची वेगळी, तापवून तापवून काळ्या झालेल्या तेलाची आणखी वेगळी. मिठाचं मोजमाप त्यातल्या त्यात अवघड, कारण साबणाच्या पाण्यातही त्यातलाच सोडियम असतो. म्हणून तो फक्त माणसाच्याच शरीरातून येणाऱ्या एका पदार्थाच्या प्रमाणात मोजायचा. पत्र्याच्या डब्याएवढं यंत्र मॅनहोलच्या तोंडाशी बसवलेलं असे. दर पंधरा मिनिटांनी ते घोटभर पाणी ओढून तपासायचं. लोक त्याला गटारवैद्य म्हणायचे. या वैद्याला कुणा एकाची नाडी कळत नसे, सगळ्या गावाची एकदम कळे. बारा गावांचे आकडे रोज पहाटे औंधला येत. त्याबरोबर सरकारी रुग्णालयांच्या नोंदीही येत: पक्षाघात किती, हृदयविकार किती, वय, बाई की पुरुष.

प्रकल्पातल्या चाळीस माणसांना ही गावं फक्त सांकेतिक अक्षरांनी माहीत होती. कोणत्या अक्षरामागे कायद्याचं गाव आहे आणि कोणत्यामागे तुलनेचं, हे पाच वर्षं एकाच माणसानं जाणायचं, हिशेब बरोबर राहतो की नाही ते पाहायचं आणि गप्प बसायचं, असा नियम होता. तो एक माणूस म्हणजे सुचेता. गप्प बसायची तिला सवय होती, म्हणूनच घैसासांनी तिला निवडलं होतं.

पण नुसतं गप्प बसणं वेगळं आणि आपल्यापुढं सगळ्यांनी गप्प होणं वेगळं. पहिल्या वर्षी सहकारी तिच्याबरोबर जेवायला बसत. मग एकदा कुणीतरी हसत म्हणालं, “मॅडमच्या चेहऱ्यावरून कळतंय, काहीतरी चांगलं चाललंय.” घैसासांच्या कानावर ते गेलं. त्यांनी परिपत्रक काढलं नाही, पण लोक समजले. हळूहळू तिच्या टेबलाच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. ती आली की कामाचं बोलणं थांबायचं, आणि त्या लोकांना दुसरं बोलायचं असं काही नसायचंच. बाणेरच्या फ्लॅटमध्येही ती एकटीच. लग्न चार वर्षांत संपलं होतं, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. रविवारी अण्णाचा फोन यायचा. तोही कारखान्याबद्दल बोलायला लागला की तिला विषय बदलावा लागे.

तिसरं वर्ष संपता संपता आकड्यांनी तोंड उघडलं.

चिंचवणच्या गटारातलं मीठ पाचव्या हिश्श्यानं उतरलं होतं, जळक्या तेलाची खूण निम्म्यावर आली होती. आलेखावरची मुरंबीची रेघ होती तिथंच होती. वर्षभरात पक्षाघाताचे रुग्ण चिंचवणला सव्वीस, मुरंबीला एकेचाळीस. इतर जोड्यांतही तसंच, थोडं कमी-जास्त.

दर सहा महिन्यांनी ती बंद पाकिटात हा तक्ता तीन सदस्यांच्या समितीकडे पाठवायची. प्रयोग मध्येच थांबवून सगळ्यांना कायदा द्यायचा, तर फरक एका ठरावीक रेषेपलीकडे जायला हवा होता. ती रेषा मुद्दामच उंच आखलेली होती, कारण लवकर थांबवलेल्या प्रयोगावर कोर्टात कुणी विश्वास ठेवत नाही. फरक रेषेच्या जरासा खाली होता. समितीचं उत्तर एका ओळीचं आलं: पुढे चालू ठेवावे.

सुचेताला ते पटलं. तिनंच आखलेली रेषा होती ती. पण त्या दिवशी ती तक्त्यावरचा एकेचाळीसचा आकडा कितीतरी वेळ बघत बसली. मुरंबी चाळीस हजारांचं गाव. त्या एकेचाळिसांतल्या निम्म्यांना तरी आपण चेहऱ्यानं ओळखत असू, असं तिला वाटलं.

फेब्रुवारीत अण्णाची साठी होती.

राजशेखर हालकुडे, म्हणजे तिचा अण्णा, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि अण्णा वीसचा. त्यानं कॉलेज सोडलं, वडिलांची एक कढई होती तिच्या चार केल्या, आणि बहिणीला आधी लातूरला, मग पुण्याला शिकवलं. आता मुरंबी तालुक्यातल्या दोनशे दुकानांत, शाळांच्या कँटीनमध्ये, प्रत्येक टपरीवर त्याचीच शेव जायची.

कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. पंगतीत तिच्या शेजारी वीरेश बसला. हा वहिनींचा धाकटा भाऊ, सत्तेचाळीस वर्षांचा, गावात विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. ती माहेरी आली की स्टँडवर न्यायला तोच यायचा.

“ताई, पुण्यात एवढं काय असतंय तुमचं? वर्ष झालं, दिसला नाहीत.”

“काम असतं रे.”

“काम तर मलाबी असतंय. सकाळपासून डोकं जड जड हाय नुसतं. पण आलो का नाही?” असं म्हणत त्यानं वाढप्याला हाक मारली आणि तिच्या पानात ओंजळभर शेव घालायला लावली. स्वतःच्याही पानात घेतली.

“डॉक्टरला दाखव एकदा,” ती म्हणाली.

“दाखवू की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्यात गेली. कामगार यायचे होते. अण्णा एकटाच भट्टीपाशी होता. दिवसाचा पहिला घाणा तो अजूनही स्वतः काढायचा. सोऱ्यातून शेव तेलात सोडली, झाऱ्यानं काढली, आणि गरम असतानाच चिमूटभर तोंडात टाकली. रोजचा पहिला घाणा चाखल्याशिवाय माल बाहेर जात नसे. तसे दिवसाचे दहा-बारा घाणे तो चाखायचा. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मान जाड झालेली, चेहरा लालसर, बोलताना दम लागत होता. तेलाचा रंग चहासारखा होता.

“अण्णा,” ती म्हणाली, “मीठ कमी कर.”

“कुणाचं? माझं का शेवेचं?”

“दोन्ही. आणि हे तेल टाकून दे. एकदा वापरलं की पुन्हा तापवू नकोस.”

अण्णानं झारा कढईच्या काठावर ठेवला. रविवारच्या फोनवर ती विषय का बदलते, हे त्यानं तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. पण तो मूर्ख नव्हता.

“हे तू बहीण म्हणून सांगायलीस, का सरकार म्हणून?”

“बहीण म्हणून.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पुढचा घाणा सोडला.

परतीच्या बसमध्ये तिनं स्वतःची समजूत घातली, की घरच्या माणसाच्या तब्येतीबद्दल आपण दोन वाक्यं बोललो. आकडा सांगितला नाही, कायद्याचं नाव घेतलं नाही. प्रत्येक बहीण एवढं बोलतेच.

जूनच्या एका पहाटे रुग्णालयाच्या नोंदी आल्या. मुरंबीच्या नावापुढं एकच ओळ होती. पुरुष, सत्तेचाळीस, मेंदूत रक्तस्राव, दाखल करण्यापूर्वीच मृत. तिनं ती ओळ तक्त्यात चढवली. अर्ध्या तासानं फोन वाजला. अण्णा होता. तो रडत होता, त्यामुळं आधी काही कळेना.

“वीरेश गेला गं,” तो म्हणाला. “मोटार खोलून बसला होता. बसल्या जागी गेला.”

ती मुरंबीला गेली. वहिनी, महादेवी त्यांचं नाव, तिच्या गळ्यात पडून रडल्या. सुचेतानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि आपण ही बातमी यांच्या तोंडून ऐकायच्या आधीच एका ओळीत वाचली आहे, हे त्यांना कधी कळू नये, असं तिला वाटत राहिलं. पंगतीतलं त्याचं वाक्य तिला आठवत होतं. त्याला डॉक्टरकडे जा एवढंच आपण म्हणालो. भावाला सांगितलं ते त्याला नाही सांगितलं, आणि तो शेजारीच बसला होता.

पुण्याला आल्यावर बोलायला कुणी नव्हतं. नियमानं कुणाशी बोलायचंही नव्हतं.

दिवाळीनंतर तिला मुरंबीच्या रेघेत काहीतरी वेगळं दिसलं. मीठ उतरत होतं. आधी वाटलं, यंत्र बिघडलं असेल. तिनं ते बदलून घेतलं. नव्या यंत्रानंही तेच सांगितलं. मग तिनं मागचे आठ महिने एका कागदावर पसरले, आणि तिला पायऱ्या दिसल्या. रेघ घसरत नव्हती, जिन्यासारखी उतरत होती. एप्रिलपासून दर तीन आठवड्यांनी एक अगदी छोटी पायरी, मग सपाट, मग पुन्हा पायरी. हवामानानं असं होत नाही, महागाईनं असं होत नाही. जिभेला कळणार नाही इतकंच मीठ एका वेळी कमी करायचं, ती रुळली की पुन्हा कमी करायचं. हे रोज पहिला घाणा स्वतः चाखणाऱ्या माणसाचं काम होतं. जळक्या तेलाची खूणही निम्म्यावर आली होती.

त्या दुपारी ती एकटीच हसली. मग हसू थांबलं, कारण या रेघेचा पुढं काय अर्थ होणार हे तिच्याइतकं कुणालाच स्पष्ट दिसत नव्हतं.

तेव्हाच तिनं घैसासांना सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही. रविवारी अण्णाचा फोन यायचा, तो म्हणायचा, “दम लागत नाही बघ आता.” ती म्हणायची, “चांगलं झालं.” मुरंबीचे पक्षाघात पुढच्या वर्षी तेहतीस झाले, मग चोवीस. हे आकडे वाढू देत, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? असं करत दीड वर्ष गेलं.

२०४१ च्या एप्रिलमध्ये पाच वर्षं पुरी झाली. सांकेतिक अक्षरं उलगडली आणि घैसासांच्या खोलीत पहिल्यांदाच सगळा निकाल एका पानावर मांडला गेला.

कसोटी साधी होती. शेवटच्या वर्षी प्रत्येक जोडीत कोणतं गाव सरस ठरलं? कायद्याचा काही उपयोग नसेल तर प्रत्येक जोडी म्हणजे नाणेफेक. सहाही वेळा छापा नुसत्या नशिबानं पडायची शक्यता चौसष्टात एक. सहांतून निदान पाच वेळा छापा पडायची शक्यता चौसष्टात सात, म्हणजे जवळपास नवात एक. कायद्यात लिहिलं होतं, की ती विसात एकाहून कमी असेल तरच ‘सिद्ध’ म्हणायचं.

पाच जोड्यांत कायद्याची गावं सरस होती. सहाव्या जोडीत मुरंबीनं चिंचवणला किंचित मागं टाकलं होतं.

घैसासांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. “हे कसं झालं? काहीच नसताना हे गाव सुधारलं कसं? एका गावापायी कायदा जाणार. तीनशे गावं वाट बघतायत.”

“सर, काहीच नसताना सुधारलं नाही,” सुचेता म्हणाली. “मी सांगितलं.”

तिनं सगळं सांगितलं. वाक्य न् वाक्य, तारखेसह.

“दीड वर्ष तुम्हाला माहीत होतं,” ते शेवटी म्हणाले.

“हो.”

“ही जोडी वगळली तर पाचपैकी पाच. बत्तिसात एक. कायदा टिकतो.” ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. “पण तुमच्या शब्दावर नाही वगळता येणार. बाहेरून हात लागल्याचा लेखी पुरावा हवा. तुमच्या भावाचा जबाब, कारखान्याची पाककृतीची वही. आणि सुचेताताई, तुम्ही पुन्हा या क्षेत्रात काम करणार नाही, हे तुम्हाला समजतंय ना?”

पाच वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच ताई म्हटलं होतं.

अण्णा तिला पाहून खूश झाला. तो हडकला होता, चेहरा बारीक झाल्यामुळं वडिलांसारखा दिसत होता. कारखान्याच्या ऑफिसात त्यानं लाल कापडाची वही स्वतःच काढून दाखवली. कोणत्या तारखेला किती मीठ काढलं, सगळं त्याच्या हातानं लिहिलेलं. “कुणाला कळलं नाही,” तो अभिमानानं म्हणाला. “भागीदारालाबी नाही. एक गिऱ्हाईक म्हणालं नाही की चव बदलली.”

मग ती का आली आहे ते तिनं सांगितलं. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला.

“म्हणजे मी गावाचं भलं केलं आणि तुझी परीक्षा बिघडली.”

“माझी नाही, अण्णा. कायद्याची.”

“आणि आता मी लिहून द्यायचं, की आमच्या बहिणीनं आतली गोष्ट फोडली म्हणून मी सुधारलो.”

“हो.”

बराच वेळ तो वहीची पानं उलटत होता. मग एका पानावर थांबला. “साठीच्या दुसऱ्या दिवशी तू मला बोललीस. तेव्हा तुला पक्कं माहीत होतं? मिठानं नि तेलानं माणसं मरायलीत, हे आकड्यानिशी?”

“बऱ्यापैकी पक्कं.”

“आदल्या दिवशी वीरेश तुझ्याजवळ जेवायला होता.”

आतल्या दारात वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं.

“गाव चाळीस हजारांचं हाय,” अण्णा म्हणाला. आवाज चढला नव्हता. “तू त्यातल्या एकालाच सांगितलंस. मला वाटायचं तू मला शहाणपण शिकवलंस. तू मला नुसतं बाजूला काढून घेतलंस गं. बाकीचे राहू दिलेस.”

“नियम होता, अण्णा. सगळ्यांना सांगितलं असतं तर काहीच सिद्ध झालं नसतं.”

“मग मला तरी का सांगितलंस?”

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला आणि त्या आत गेल्या. अण्णानं कोरा कागद ओढला. जे घडलं ते त्यानं सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली, वही त्यावर ठेवली आणि दोन्ही तिच्याकडे सरकवलं.

“घेऊन जा,” तो म्हणाला. “तीनशे गावांचं होऊ दे भलं. पण आता काही दिवस येऊ नकोस. हिच्यासमोर तुला बसवून जेवू घालणं मला जमायचं नाही.”

चहा कुणीच घेतला नाही.

जोडी वगळली गेली. बत्तिसात एक. कायदा टिकला आणि सप्टेंबरपासून राज्यभर लागू झाला. सुचेताची चौकशी झाली आणि तिला संशोधनाच्या कामातून कायमचं काढून टाकलं. वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी तिच्यावर लिहून आलं. फरसाणवाल्यांच्या संघटनेनं म्हटलं, की मूल्यमापन करणारी बाईच खोटी होती. कायद्याच्या बाजूचे म्हणाले, की अशा एका बाईपायी चांगला कायदा बुडत होता. तिसऱ्या वर्षी जे कळलं होतं ते मुरंबीला आणि आणखी पाच गावांना दोन वर्षं का सांगितलं गेलं नाही, याबद्दल एक छोटी बातमी आतल्या पानावर आली. तो प्रश्न तिला विचारायला मात्र कुणी आलं नाही.

मुरंबीत लोक स्वतःला ‘तुलनेचं गाव’ म्हणवून घेऊ लागले, असं तिच्या कानावर आलं. रस्त्याला खड्डा पडला, पाणी आलं नाही, की म्हणायचे, “आपण काय, तुलनेचं गाव.” अण्णाची गुपचूप केलेली कमी खारी शेव बहुतेकांनी चालू ठेवली; काहींनी सोडली. रविवारचा फोन बंद झाला होता. रविवार आला की ती सकाळीच बाहेर पडायची. पाषाणच्या तळ्याला फेरी मारायची, एका खानावळीत जेवायची, दुपारी परत यायची. आठवड्यातून चार दिवस ती एका खासगी वर्गात बारावीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवायची. नाणेफेकीचं उदाहरण आलं की पुस्तकातलंच वाचून दाखवायची.

दोन वर्षांनी, मार्चमधल्या एका दुपारी फोन वाजला. मुरंबीचा नंबर होता, पण अण्णाचा नव्हता.

“ताई, मी बोलायले,” महादेवीवहिनी म्हणाल्या. “यांना माहीत नाही. हे बँकेत गेलेत.”

“बोला ना, वहिनी. बऱ्या आहात?”

“बरी हाय. एकच विचारायचं होतं. लई दिवस मनात हाय.” त्या थांबल्या. “तुम्ही त्या दिवशी वीरेशला सांगितलं असतं, तर तो वाचला असता का?”

सुचेता खुर्चीच्या कडेवर बसली. ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. चार महिन्यांत मीठ कमी करून काय होणार, त्याचं दुखणं जुनं होतं, असं काहीही सांगता आलं असतं, आणि वहिनींनी ते मानलं असतं. कदाचित ते ऐकायलाच त्यांनी फोन केला होता. पण या बाईपासून आपण आधीच खूप काही लपवलं आहे, असं तिला वाटलं.

“एका माणसाचं सांगता येत नाही, वहिनी,” ती म्हणाली. “पुष्कळ माणसांचं सांगता येतं. वीरेशसारखी तीन माणसं असती आणि तिघांनाही मी वेळेत सांगितलं असतं, तर त्यातला एक वाचला असता. कोणता, ते कळत नाही.”

“म्हणजे दोघं तसेही गेलेच असते.”

“हो.”

फोन चालू होता. लांबवर कुठंतरी टेम्पो मागं घेतल्याचा आवाज येत होता.

“मग तो त्या दोघांतला होता असं मी धरते,” वहिनी म्हणाल्या. “मला या घरात राहायचं हाय, यांच्यासंगं जेवायचं हाय. तुम्ही काय धरायचं ते तुमचं तुम्ही बघा, ताई.”

त्यांनी फोन ठेवला. चार वाजत आले होते. साडेचारचा वर्ग होता. सुचेतानं तोंडावर पाणी मारलं, पुस्तक पिशवीत टाकलं, दाराला कुलूप लावलं आणि ती जिना उतरू लागली. तिघांतला तो कोणता, हे तिनं अजून धरलं नव्हतं.